कोणतंही कॉलेज निवडता आलं असतं तर?

पायवाट

समजा मार्कांची अट नाही, पैशांची नाही, वयाची नाही. तिथली भाषा येते असं धरून चालू. शतकही तुमच्या मर्जीचं. बंद पडलेलं, आता नुसते अवशेष उरलेलं विद्यापीठही चालेल. तर तुम्ही कुठे शिकायला जाल?

अट एकच. नुसतं नाव सांगून थांबायचं नाही. एखाद्या साध्या मंगळवारी तुम्ही तिथे कोणत्या वर्गात, कोणासमोर बसला आहात आणि काय चाललंय तेही सांगायचं. अट मुद्दाम घातली आहे. मोठ्या विद्यापीठाचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर इमारत येते, नाहीतर पदवीदानाचा फोटो. वर्ग येत नाही, आणि मला वर्गाबद्दलच ऐकायचंय.

माझ्यापासून सुरुवात करते. जर्मनीतलं गॉटिंगेन, १९२० नंतरची वर्षं, गणिती एमी नोदर यांचा बीजगणिताचा तास.

१९१५ मध्ये तिथले मोठे गणिती हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी त्यांना बोलावलं, पण बाईला शिकवण्याचा हक्क द्यायला विद्यापीठातल्या बऱ्याच प्राध्यापकांचा विरोध होता. म्हणून काही वर्षं त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर व्हायची. स्वतःच्या नावाने शिकवायची परवानगी १९१९ मध्ये मिळाली, पगार त्याच्याही नंतर, तोही तुटपुंजा. त्यांचं शिकवणं सोपं नव्हतं. आधी घोटवून आणलेलं व्याख्यान त्या देत नसत. फळ्यापाशी उभ्या राहून विचारच मोठ्याने करत, तोही भरभर. अनेकांना ते झेपत नसे. ज्यांना झेपलं त्यांच्यापैकी व्हान डर वार्डनसारख्यांनी पुढे साऱ्या जगाला आधुनिक बीजगणित शिकवलं.

एकदा सुट्टीमुळे संस्थेची इमारत बंद होती. नोदरबाईंनी मुलांना बाहेर पायऱ्यांवर जमवलं, रानातून चालवत एका कॉफीहाउसपर्यंत नेलं आणि तास तिथे घेतला. १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू म्हणून त्यांना काढून टाकलं, तेव्हाही मुलं त्यांच्या घरी जमत आणि चर्चा सुरूच राहिली.

माझा मंगळवार त्या पायऱ्यांवरचा. अर्धं कळणार नाही याची खात्री आहे. तरी एखादी कल्पना जन्माला येताना पाहायची असेल तर ती तिथेच दिसली असती असं मला मनापासून वाटतं.

रातराणी

काय सुंदर धागा काढलास! मी स्वीडनमधलं उप्साला, १७४०चं दशक, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसबरोबर. तास वर्गात नाहीच. सकाळी गावाबाहेर पडायचं, हलके लिननचे कपडे घालून. कोणी नोंदी लिहायच्या, कोणी शिस्त सांभाळायची, कोणी पक्षी टिपायचे, अशी कामं वाटलेली. बाकीच्यांनी झाडं, किडे, दगड जे दिसेल ते आणून लिनियससमोर ठेवायचं आणि त्याने त्यावर बोलायचं. दिवस मावळताना शिंगं आणि नगारे वाजवत सगळी वरात परत. कधीकधी शे-दोनशे जण असत म्हणे. मी वनस्पतिशास्त्र बंद खोलीत, वाळवलेल्या नमुन्यांवर शिकले. पान हातात आलं तेव्हा त्याचा रंग गेलेला होता. म्हणून ही निवड.

अर्धविराम

बाउहाउस, जर्मनीतली कला आणि डिझाइनची शाळा. उणीपुरी चौदा वर्षं चालली, १९१९ ते १९३३. आधी वायमार, मग डेसाऊ, शेवटी बर्लिन. आल्या आल्या कोणालाच खुर्ची, घर, दिवा असलं काही करायला देत नसत. आधी पायाभूत वर्ग, त्यात फक्त साहित्याची ओळख. कागद म्हणजे काय, लाकूड म्हणजे काय, काच काय करू शकते.

जोसेफ आल्बर्स हा वर्ग घ्यायचा. त्याच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलेली आठवण आहे. आल्बर्सने सगळ्यांना वर्तमानपत्रं दिली आणि सांगितलं, यातून असं काही करा की कागदाचा मान राहील, शक्यतो कात्री-डिंकाशिवाय. काही तासांनी परत आला तर कोणी किल्ला केलेला, कोणी होडी, कोणी विमान. ते सगळं त्याने बाजूला सारलं, कारण त्या वस्तू दुसऱ्या कशातून अधिक चांगल्या झाल्या असत्या. मग एका मुलाचं काम उचललं. त्याने कागद नुसता उभा दुमडून ठेवला होता. आल्बर्स म्हणाला, बघा, आडवा पडलेला मऊ कागद एका घडीने ताठ उभा राहिला. टेबलावर पडलेल्या कागदाची एकच बाजू दिसते, आता दोन्ही दिसतात.

मी हे वाचलं आणि लगेच कागद घेऊन करून पाहिलं. तुम्हीही करा. घडीवरून बोट फिरवताना जे कळतं ते मला डिझाइनच्या आख्ख्या पदवीत कोणी शिकवलं नव्हतं. माझा मंगळवार तोच.

धुळाक्षर

पायवाट, धागा आवडला, पण एक गोष्ट राहून चालली आहे म्हणून लिहिते.

तुम्ही मार्कांची, पैशांची, वयाची अट काढलीत. दार मात्र आपोआप उघडलं असं धरलंत. मला ते दार इतक्या सहज ओलांडता येत नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदवी दिली १९२० मध्ये, केंब्रिजने थेट १९४८ मध्ये. त्याआधी त्या वर्गात बसत, परीक्षाही देत, पण पदवी नाही. कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये. मधली तीस वर्षं कोणाच्या खात्यावर मांडायची? आपल्या कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं. त्या अडून बसल्या तेव्हा प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पुढे १९३९ मध्ये त्याच बाई केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या. अर्धविराम यांच्या बाउहाउसमध्येसुद्धा समानतेची घोषणा होती आणि बहुतेक मुलींची रवानगी विणकामाच्या कार्यशाळेत होत होती. गुंटा श्ट्योल्त्सलने त्याच कार्यशाळेतून नाव काढलं, पण तिथे पाठवण्यामागचा विचार काही उदार नव्हता.

नालंदेच्या दाराशीही परीक्षा होती. ह्युएन त्संगने लिहिलंय की द्वारावरच प्रश्न विचारत आणि दहातले सात-आठ परत जात. पण त्यात निदान दार तुमच्या उत्तरावर उघडायचं. तुमच्या जन्मावर बंद होणाऱ्या दाराची गोष्ट वेगळी, आणि ती दारं आपल्याकडे किती होती हे कोणाला सांगायला नको.

म्हणून माझी निवड अशी जागा आहे जिला दारच नव्हतं. वॉर्सातलं 'उडतं विद्यापीठ'. पोलंडचा तो भाग रशियाच्या ताब्यात होता, विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, पोलिश भाषेतून शिकवायला बंदी होती. तेव्हा १८८० नंतर लोकांनी गुप्तपणे वर्ग सुरू केले, आज एकाच्या घरी, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या, पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून. चांगले नावाजलेले अभ्यासक तिथे शिकवत. मारी स्क्लोडोव्स्का, म्हणजे पुढची मारी क्युरी, आणि तिची बहीण ब्रोन्या तिथे शिकल्या.

माझा मंगळवार संध्याकाळचा. कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, पडदे ओढलेले. जीवशास्त्र चालू आहे. घरमालकीणही ऐकायला बसली आहे. आणि तास संपल्यावर सगळ्या एकदम बाहेर पडायच्या नाहीत.

पायवाट

धुळाक्षर, तुमचा आक्षेप मान्य आहे. नियम बदलत नाही, त्यात भर घालते: दार कसं होतं हेही माहीत असेल तर सांगा. नोदरबाईंच्या वर्गाकडे माझं मन ओढलं जाण्यात त्या बंद दाराचा वाटा मोठा आहे, हे तुमचं वाचताना स्पष्ट झालं.

ओंजळ

सुरुवातीला म्हटलंय, नुसतं नाव सांगून थांबायचं नाही. मान्य. पण मला नावाच्या बाजूने बोलायचं आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांना माझा विषय सांगता यायचा नाही, कॉलेजचं नाव मात्र नीट सांगता यायचं. मी ज्या कॉलेजात शिकले तिथे शिकवणारे चांगले होते, जीव तोडून शिकवायचे. पण पुढे मुलाखतीत समोरचा कॉलेजचं नाव वाचायचा आणि पुढचा कागद उलटायचा. ज्यांच्या घरात ओळखी आहेत, दोन पिढ्यांची पदव्यांची भिंत आहे, त्यांनी 'नावाला काय महत्त्व' म्हणणं सोपं असतं. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला ते नावच ओळखपत्रासारखं उपयोगी पडतं. म्हणून मी मोठंच नाव निवडते, आणि ते मागायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले. वय बावीस. अर्थशास्त्र मुख्य, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अगदी फ्रेंच आणि जर्मनसुद्धा. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन अशी माणसं शिकवायला. एवढी वेगवेगळी दारं त्यांनी ठोठावली याचं मला फार अप्रूप वाटतं. बाहेर पडून कोणती नोकरी मिळेल असा हिशोब करून कोणी एवढे विषय घेत नाही. वर्षानुवर्षं अडवलेलं सगळं एकदम घ्यायला निघालेल्या माणसाची ती यादी आहे.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जात कशी टिकते, तर गटाबाहेर लग्न होऊ न देऊन. बाकीच्या रूढी त्याच्याभोवती उभ्या राहतात, हा त्यातला गाभा. पंचविशीतला मुलगा, परक्या देशातल्या टेबलाभोवती, आपल्याच समाजाची रचना उलगडून दाखवतोय. मी कॅलेंडर मोजून पाहिलं. पायवाट, त्या दिवशी मंगळवार होता.

मला त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जागा हवी आहे. बोलणार नाही, फक्त टिपणं काढीन.

धुळाक्षर, दाराबद्दल: कोलंबियाच्या पदवी कॉलेजने मुलींना १९८३ मध्ये घेतलं. तोवर मुलींसाठी शेजारचं बर्नार्ड. म्हणजे तुमचा मुद्दा इथेही लागू आहेच.

धुळाक्षर

ओंजळ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. नावाबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. मी ते ज्यांनी दार अडवलं त्यांच्या बाजूने पाहत होते. तुम्ही ते दाराबाहेरून पाहिलंत.

खडूवाला

मी शिकवतो, त्यामुळे माझी निवड थोडी वेगळी. इटलीतलं बोलोन्या, चौदावं शतक, आणि मी तिथे विद्यार्थी म्हणून जाणार.

तिथे 'विद्यापीठ' म्हणजे विद्यार्थ्यांचा संघ होता. कायदा शिकायला दूरदूरहून आलेली, जरा मोठ्या वयाची मुलं एकत्र आली आणि त्यांनी शिक्षकांवर नियम घातले. घंटा झाली की शिकवायला सुरुवात, पुढची घंटा झाली की मिनिटभरात थांबायचं. अवघड भाग तासाच्या शेवटी ढकलायचा नाही, मधला अध्याय गाळायचा नाही. पाच विद्यार्थीही जमले नाहीत तर शिक्षक गैरहजर धरून दंड. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून पैसे ठेवून जायचे.

शिक्षक म्हणून हे जाचक वाटतं, खरंय. पण 'अवघड भाग शेवटी ढकलायचा नाही' हा नियम मला प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावावासा वाटतो. सगळ्यात अवघड गोष्ट आपण शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो आणि मुलं ती वर्षभर घेऊन फिरतात.

शांतरेषा

मी जन्मापासून ऐकू शकत नाही. कॉलेजात ओठ वाचून शिकले. प्राध्यापक फळ्याकडे वळले की माझा तास तेवढ्यापुरता बंद पडायचा. त्यांना सांगितलं की दोन दिवस ते लक्षात ठेवत. गटचर्चेत कोण बोलतंय ते शोधून मान वळवेपर्यंत तिसराच बोलायला लागलेला असे. तिथे कोणी वाईट वागलं नाही. ती जागा मला धरून बांधलेलीच नव्हती, इतकंच.

म्हणून गॅलोडेट, वॉशिंग्टन. १८६४ मध्ये लिंकनने सही केलेल्या कायद्याने या संस्थेला पदव्या द्यायचा अधिकार मिळाला. बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ, शिकवणं सांकेतिक भाषेत. तरीही सव्वाशे वर्षं तिथे एकही बहिरा अध्यक्ष झाला नव्हता. मार्च १९८८ मध्ये विश्वस्तांनी पुन्हा एकदा ऐकू येणारी व्यक्ती निवडली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले, पहिले बहिरे अध्यक्ष.

तिथल्या नव्या इमारती कशा आखतात ते ऐका. रस्ते आणि मार्गिका रुंद, कारण हातांनी बोलत चालणाऱ्या दोघांना एकमेकांकडे बघता आलं पाहिजे. जिन्यांपेक्षा उतार बरा, बोलताना पायाखाली बघावं लागत नाही. कोपऱ्यावर पलीकडून येणारा दिसला पाहिजे, कारण पावलांचा आवाज ऐकू येणार नसतो. भिंतींचे रंग असे की त्यावर हात उठून दिसतील. वर्गातल्या खुर्च्या अर्धवर्तुळात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जण दिसतो.

माझ्या मंगळवारी मी त्या अर्धवर्तुळात बसले आहे. विषय कोणताही चालेल. कोणीतरी प्रश्न विचारलाय आणि तो मला इतरांबरोबर, त्याच क्षणी कळला आहे.

रातराणी

शांतरेषा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तोही शिकवतो. उद्यापासून बाकं फिरवणार म्हणाला.

उंबरठा

नमस्कार. मी सतरा वर्षांचा आहे. तुम्ही सगळे कल्पना करताय आणि माझ्यासमोर खरोखरचा पसंतीक्रमाचा फॉर्म आहे. सगळे क्रमवारी बघायला सांगतात. मी दोन कॉलेजांमध्ये अडकलोय, एकाचं नाव मोठं, दुसऱ्यात मला हवा तो विषय. हा मंगळवारचा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता. तो खऱ्या कॉलेजला कसा लावायचा?

खडूवाला

उंबरठा, अगदी रोकडं सांगतो. दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून नवलाई असते, शेवटच्या वर्षाची नोकरीच्या मागे असतात. त्यांना विचार: पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कोण शिकवतं? माहितीपत्रकावरची मोठी नावं तुमच्या वर्गावर येतात का? वर्गात किती जण? प्रश्न विचारला तर काय होतं? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होतं आणि पुस्तक हाताने कपाटातून काढता येतं का? पहिल्या वर्षानंतर विषय बदलता येतो का, आणि मागच्या वर्षी कोणी बदलला? शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर माग. नियम सगळीकडे असतो, वापरू दिलेला आहे का ते बघ.

ओंजळ

यात माझी भर. तुझ्या घरात आधी कोणी शिकलेलं असेल, पैशाची ओढाताण नसेल, तर विषयाच्या मागे जा. तसं नसेल तर नावाचं वजन हिशोबात धर आणि त्याबद्दल कोणाची बोलणी ऐकून घेऊ नकोस. तुझी परिस्थिती तुलाच माहीत.

अर्धविराम

+१. आणि शक्य असेल तर एक दिवस जाऊन मागच्या बाकावर बस. बऱ्याच ठिकाणी विचारलं तर बसू देतात.

जुनी वही

मी साठीच्या पुढची. माझं कॉलेज लग्नामुळे अर्ध्यात सुटलं. या धाग्यावरची नावं वाचताना जाणवलं की मला परत अठरा वर्षांचं व्हायचंच नाही. मला आहे त्या वयात शिकायचंय.

म्हणून ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ, १९७१, पहिली तुकडी. आधीच्या पदवीची, मार्कांची अट नाही. व्याख्यानं बीबीसीवर, भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा. आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचं साहित्य घरपोच यायचं. त्यात एक छोटा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे, हातात मावेल एवढा.

माझा मंगळवार रात्रीचा. घरातले झोपलेत, मी कांद्याच्या पापुद्र्याचा तुकडा काचेवर ठेवून डोळा लावला आहे. पेशींच्या भिंती दिसतात. हे मला सोळाव्या वर्षी पाहायचं होतं. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि माझी पाळी येईपर्यंत घंटा व्हायची.

पायवाट

जुनी वही, तसे छोटे सूक्ष्मदर्शक आताही मिळतात आणि आपल्याकडची मुक्त विद्यापीठंही वयाची वरची मर्यादा घालत नाहीत. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. हे केवळ कल्पनेपुरतं ठेवू नका, अशी कळकळीची विनंती.

जुनी वही

नाशिकच्या विद्यापीठाची माहिती मुलीकडून मागवते.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. खडूवाला सर, मी दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोललो. मोठ्या नावाच्या कॉलेजात विषय बदलता येतो असं लिहिलंय, पण मागच्या वर्षी कोणी बदलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दुसरीकडे एक मुलगी भेटली जिने स्वतः भौतिकशास्त्रातून संख्याशास्त्र घेतलं होतं आणि कोणत्या सरांकडे अर्ज द्यायचा तेही तिने सांगितलं. ओंजळ ताई, आमच्या घरात आईबाबा दोघंही शिकलेले आहेत, त्यामुळे तुम्ही सांगितलेला हिशोब मी तसाच लावला. विषयाचं कॉलेज वर टाकलंय.

आणि कल्पनेतलं विचाराल तर कॉलेज द फ्रान्स, पॅरिस. १५३० पासून आहे. प्रवेश परीक्षा नाही, नावनोंदणी नाही, पदवीही देत नाहीत. व्याख्यानाची वेळ झाली की कोणीही आत जाऊन बसावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तत्त्वज्ञ बर्गसाँच्या व्याख्यानांना एवढी गर्दी व्हायची की जागा मिळणं मुश्किल. माझ्या मंगळवारी मी एका तासाला गणित ऐकतोय, दुसऱ्या तासाला प्राचीन इतिहास, आणि कशाचाही फॉर्म भरलेला नाही.

पायवाट

उंबरठा, शुभेच्छा! त्यांची बरीच व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर मोफत ठेवलेली आहेत. फ्रेंच शिकायला घेणार असशील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, माझ्याकडची सुरुवातीची पुस्तकं पाठवते.